मदतीच्या फोनवरचे आजोबा

भिसेगावच्या कमळाकर सोनावळ्यांना काहीही विचारा, उत्तर मिळणारच. ते बरोबर असेल असं नाही, पण मिळणार. बत्तीस वर्षं ते खालापूरच्या तहसील कचेरीत शिपाई होते. दाराशी उभं राहून नावांचा पुकारा करायचा हे त्यांचं काम. आवाज असा, की टपरीवर बसलेला पक्षकार अर्धा चहा टाकून धावत यायचा. बाहेरच्या बाकड्यावरची माणसंही विचारायची ती त्यांनाच. "सायेब कवा येतील?" "दाखला कवा मिळंल?" "औंदा पाऊस बरा हाय का वो?" माहीत नाही म्हणायची कमळाकरांना लाज वाटायची. खाकी कपड्यातलाच माणूस माहीत नाही म्हणाला, तर वाडीवरून चालत आलेल्या म्हातारीनं जायचं कुठं? म्हणून ते काहीतरी सांगायचे, आणि सांगितलेलं पटावं म्हणून जोडीला एक गोष्ट सांगायचे. म्हातारी दाखल्याशिवाय परत गेली तरी गोष्ट घेऊन जायची.

निवृत्त झाले आणि बाकडं सुटलं. घरात विचारणार कोण? मुलगा सुमित खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करायचा, सून तिच्या नोकरीत. बायको ठकूबाई, तर तिची यांच्या सगळ्या गोष्टींची पारायणं झालेली. राहिली नात पौर्णिमा. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आणि राहिला टीव्हीवरचा 'नक्की ना?' हा कार्यक्रम. एक प्रश्न, चार पर्याय, वर टिकटिकणारं घड्याळ. बरोबर उत्तराला एक पायरी वर, आणि चुकलं की थेट पायथ्याशी. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसातला तो लागायचा, पण सोनावळ्यांच्या घरात साडेसातचा टीव्ही ठकूबाईच्या मालिकेचा. तिथं कुणाची हिंमत नव्हती. म्हणून सगळं घर रविवारी सकाळी बसायचं. आठवड्याचे पाचही भाग तेव्हा एकामागून एक पुन्हा दाखवायचे. सुट्टीचा दिवस, पोह्यांच्या बश्या मांडीवर, आणि घरातला कायदा असा की घड्याळ संपायच्या आत प्रत्येकानं आपलं उत्तर मोठ्यानं बोलायचंच. सुमित चुकायचा, सून चुकायची, पौर्णिमा चुकून वर भांडायची. घरभर नुसता दंगा. कमळाकरांना त्याइतकं सुख दुसऱ्या कशात वाटत नव्हतं.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. एका मंगळवारी संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून कमळाकर बाहेर पडले, ते कोंडाजीच्या पिठाच्या गिरणीत जाऊन टेकले. गिरणीत फळीवर छोटा टीव्ही होता. गिरणीच्या घरघरीत आवाज काही ऐकू यायचा नाही, पण प्रश्न पडद्यावर लिहून यायचे. ऑक्टोपसला हृदयं किती? उत्तर आलं, तीन. कमळाकरांनी ते पाहिलं आणि विसरून गेले. रविवारी तोच प्रश्न घरात आला, आणि पर्याय यायच्या आधीच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तीन."

पौर्णिमानं बशी खाली ठेवली. "आजोबा! तुम्हांला कसं येतं?"

तिथंच सांगायला हवं होतं, गिरणीत पाहिलं म्हणून. पण पोरीच्या डोळ्यांत त्यांना ते कचेरीचं बाकडं दिसलं. "अगं, कचेरीत एकदा उरणचा एक कोळी आला होता, तारखेला," असं म्हणून त्यांनी जी गोष्ट सुरू केली, ती पुढचे दोन प्रश्न होईपर्यंत चालली.

मग काय, रोज साडेसात वाजले की कमळाकर गिरणीत. मंगोलियाची राजधानी आली, तर भूमापनवाल्या साहेबाच्या नकाशावर सांडलेल्या चहाची गोष्ट. मंगळाचे उपग्रह आले, तर रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची गोष्ट. आठवड्याला एक उत्तर ते मुद्दाम चुकवायचे, कारण सगळंच आलं तर माणसांना संशय येतो हे कचेरीत शिकले होते. अशी आठ वर्षं गेली. पौर्णिमा कर्जतच्या कॉलेजात जाऊ लागली. मैत्रिणींना घरी आणून दाखवायची, "हे आमचे आजोबा. सातवी पास. पण काहीही विचारा."

यंदा जानेवारीत पौर्णिमा धावतच घरात शिरली. तीन वर्षं ती मोबाईलवरून त्या कार्यक्रमात जायच्या परीक्षा देत होती, आणि या खेपेला निवड झाली होती. सगळं घर नाचलं, कमळाकरही नाचले. नाचता नाचता ती म्हणाली, "खेळात एक मदतीचा फोन करता येतो. कुणाचं तरी एकाचंच नाव द्यायचं असतं. मी देऊन टाकलं."

"कोणाचं गं?"

"कोणाचं म्हणजे काय, आजोबा!"

कमळाकर मटकन खाटेवर बसले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला आनंद झेपला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा अभ्यासाला बसली होती, तिथं ते जाऊन उभे राहिले. "पौर्णिमा, एक बोलायचं होतं. मला तसं काय येत नाय गं."

ती हसली. "मंगळाच्या वेळी पण हेच म्हणाला होतात. 'आमी काय शिकलेली मानसं' म्हणालात आणि दोन्ही उपग्रहांची नावं सांगून मोकळे झालात."

"ती येगळी गोष्ट हाय."

"कोणती गोष्ट? सांगा ना."

आणि कमळाकरांनी सांगितली. काय करणार, तोंडाला वळणच तसं पडलेलं. गोष्ट संपली तेव्हा पोरगी खूश होऊन पुन्हा वाचायला लागली होती, आणि हे अंगणात येऊन स्वतःलाच शिव्या घालत होते.

सुमितला गाठलं. सुमित कामावर निघाला होता, बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, आता नखरे नको. नाव तिकडं पोचलंय. पोरीला धीर हाय तो एवढाच, की फोनवर माझे आजोबा हायेत."

शेवटी ठकूबाईपाशी जीव मोकळा केला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ वर्सं दळणाबिगर गिरणीत जाणारा मानूस मी एकच बगितला. खांद्यावरचं पीठ कोन झाडतंय? मला काय सांगताव? तिला सांगा."

"सांगितलं गं. ती ऐकत नाय."

"सांगितलं, का गोष्ट सांगितली?"

कमळाकरांनी चपला पायांत सरकवल्या आणि गिरणीची वाट धरली.

कोंडाजीनं त्यातल्या त्यात उपाय काढला. कर्जत स्टेशनाबाहेरून सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. "पाठ कर. म्हैनाभर हाय अजून." कमळाकर गिरणीत बसून पाठ करू लागले. नद्या झाल्या, मग डोंगर घेतले. डोंगर संपेपर्यंत नद्या आटल्या होत्या. राज्यांच्या राजधान्या घेतल्या, तर डोंगर कुठल्या कुठं गेले. कोंडाजी प्रश्न विचारायचा आणि डोक्याला हात लावायचा. "कमळाकर, तुला येतंय ते एकच. उत्तर आधी दावा, मग प्रश्न विचारा."

तो दिवस उजाडला. सुमित पौर्णिमाला घेऊन पहाटेच मुंबईला गेला. कार्यक्रमाच्या बाईंनी फोन करून बजावलं होतं, "आजोबा, फोन आला की दुसरं काही बोलायचं नाही हं. तीस सेकंदच मिळतात." ठकूबाईनं कुकरसुद्धा लावला नाही. भिंतीवर संविधानाची उद्देशिका चौकटीत लावलेली होती, तिच्याखाली कमळाकर खुर्ची टाकून बसले. फोन मांडीवर. अकरा वाजले, एक वाजला. फोन न येवो, एवढंच ते मनात म्हणत होते. दुपारी सव्वातीनला तो वाजला.

सूत्रसंचालकाचा तो रविवारचा ओळखीचा आवाज आला, मग पौर्णिमाचा, एका दमात. "आजोबा, दोनच पर्याय उरलेत. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हातानं कोणी लिहून काढली? नंदलाल बोस, की प्रेम बिहारी नारायण रायजादा?"

कमळाकरांनी मान वर केली. चौकट डोक्यावरच होती. रोज सकाळी ते तिची धूळ पुसायचे, दर सव्वीस नोव्हेंबरला विहारात ती मोठ्यानं वाचायचे. वाचून वाचून अक्षरन् अक्षर पाठ. ती अक्षरं कुणाच्या हातची, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

नंदलाल बोस. हे नाव कुठंतरी ऐकलेलं होतं. घशापर्यंत आलं. आणि त्याच्या मागून, बघा माणसाचा स्वभाव, एक गोष्टसुद्धा आली. कचेरीत एकदा एक बंगाली साहेब बदलून आले होते...

"आजोबा? अठरा सेकंद."

त्या हाकेत जराही शंका नव्हती. ते जे बोलतील त्यावर ती पोरगी डोळे झाकून पाय ठेवणार होती.

"पौर्णिमा, मला येत नाय."

"आजोबा, थट्टा नको. दहा."

"मला कधीच काय येत नव्हतं गं. रविवारचं समदं मी आधी बगितलेलं असायचं. कोंडाजीच्या गिरणीत. तू माझ्यावर—"

फोन कट झाला.

संध्याकाळी दोघं परत आले. पौर्णिमा पाणी प्यायली, "झालं" म्हणाली आणि आत जाऊन झोपली. सुमित म्हणाला, "कागदावर सह्या घेतल्यात बाबा. टीवीवर लागेपर्यंत तोंड उगडायचं नाय." कमळाकरांना एवढंही कळेना, की पोरगी चिडली आहे, रडून आली आहे, की जिंकली आहे. तीन आठवडे ती जेवायला हाक मारायची, औषध द्यायची, कॉलेजातलं सांगायची. त्या फोनाबद्दल एक अक्षर नाही. रविवारी टीव्ही लागला की कमळाकर गुडघा दुखतो म्हणून बाहेर बसायचे. तीही बोलवायला आली नाही.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पौर्णिमाचा भाग येत्या बुधवारी लागणार याचा विहाराच्या मंडळाच्या पोरांना सुगावा लागला. त्यांनी विहारासमोर पडदा लावायचं ठरवलं, बॅनरही छापला. मध्ये पौर्णिमाचा फोटो, 'भिसेगावची कन्या', आणि खाली कोपऱ्यात कमळाकरांचा, कचेरीच्या निरोप समारंभातला, हार घातलेला. त्याखाली लिहिलं होतं, 'मार्गदर्शक'.

"ते काढा रं," कमळाकर पोरांना म्हणाले.

"आज्या, लाजता कशाला?" पोरं म्हणाली, आणि त्यांनी बॅनर आणखी हातभर वर बांधला.

बुधवारी साडेसातला अख्खी आळी खुर्च्यांवर होती. ठकूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा मालिका सोडली. कोंडाजी गिरणी बंद करून आला. पहिल्या रांगेत कमळाकर, शेजारी पौर्णिमा. उठून पळावं तर लोक आडवे. पडद्यावरची पौर्णिमा एकेक पायरी चढत गेली, लोक शिट्ट्या मारत गेले. मग मदतीचा फोन लागला, तशी मागून कुणीतरी ओरडलं, "आता बगा!"

आणि ध्वनिवर्धकातून कमळाकरांचा आवाज आला. कचेरीच्या दारातून कधी गेला नसेल एवढा तो घुमला. मला कधीच काय येत नव्हतं गं. कोंडाजीच्या गिरणीत. शिट्टी मारायला तोंडाशी बोटं नेलेला पोरगा तसाच राहिला. कोंडाजीनं खुर्ची थोडी मागं घेतली. कमळाकर पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले. दुसरं बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पडद्यावर सूत्रसंचालक विचारत होता, "आजोबा चेष्टा करतायत का?"

पडद्यावरच्या पौर्णिमानं डोळे पुसले. "नाही सर. आत्ता कळलं, आमचे आजोबा खोटं सांगतात तेव्हा सोबत एक गोष्ट सांगतात. आज गोष्ट नाही सांगितली. म्हणजे त्यांना खरंच येत नाहीये."

"मग?"

"मी इथंच थांबते. खेळ सोडते."

"नक्की ना?"

"नक्की."

सूत्रसंचालकानं विचारलं, खेळली असतीस तर काय म्हणाली असतीस? ती म्हणाली, नंदलाल बोस. त्यानं सांगितलं, बोसांनी आणि त्यांच्या शिष्यांनी पानं सजवली, अक्षर रायजादांचं. ती पायथ्याशी गेली असती. आता होती त्या पायरीवरून हात जोडून उतरली.

टाळ्या वाजल्या, पण कशा वाजवाव्यात हे कुणालाच कळत नसल्यासारख्या. एक म्हातारी ठकूबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "म्हंजे त्यो चहा सांडल्याला नकाशा पन खोटा?" ठकूबाई म्हणाली, "तुमी घरला जाऊन रडा." पोरं जाहिरातीत उठली, बॅनरकडे बघून पुन्हा बसली. कमळाकरांनी शेजारी पाहायचं धाडस केलं. पौर्णिमा समोरच बघत होती.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यावर सांगण्यासारखी एकही गोष्ट त्यांना सुचली नाही.

जाहिराती संपल्या. पडद्यावर नवा खेळाडू आला, नवा प्रश्न आला. बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. राजस्थानातल्या कुठल्याशा सरोवराचा प्रश्न, खाली चार नावं, वर घड्याळ. उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न कमळाकर नातीशेजारी बसून आठ वर्षांनी बघत होते. चारही नावं त्यांना सारखीच खरी दिसत होती.

"बोला," पौर्णिमा म्हणाली. अजून समोरच बघत.

"मला येत नाय."

"ते कळलं सगळ्या गावाला. पण बोलायचं तर असतंच. वेळ चाललाय."

"सी," कमळाकर म्हणाले. जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"का?"

"उगाच."

"मला पण डी वाटतंय ते उगाचच," पौर्णिमा म्हणाली.

उत्तर ए निघालं.