शेवटून दुसरा रकाना

दुबईत, जबल अलीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी एकटीच सॉफ्टवेअरवाली होते. न सांगता कामावरून गायब झालेल्यांची यादी त्या दिवशी चार वाजता वर जाणार होती. एकदा फरार म्हणून नोंद झाली की माणसाचा व्हिसाही गेला आणि नोकरीही. आणि त्या यादीतला एक फोर्कलिफ्टवाला माझ्या टेबलासमोर उभा होता.

रायगडकडचा, पन्नाशीचा. रोज कार्ड पंच करतो, एवढंच सांगत होता. आमचे एचआर मॅनेजर म्हणाले, सिस्टीम खोटं बोलत नाही, यल्ला, चला, यादी पाठवा. माझं डोकंच फिरलं. समोरचा माणूस दिसत नव्हता का यांना?

यादी पर्ल भाषेतली एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, काढायची. पर्लमध्ये तक्त्यातला उभा रकाना अलगद उचलता येत नाही. प्रत्येक आडवी ओळ वेगळी; एकेका ओळीत शिरून ठरावीक क्रमांकाचं घर उचलायचं. आमच्या ओळीत आधी कार्ड नंबर, मग नाव, आडनाव, गैरहजेरी आणि शेवटी ओव्हरटाइम. साडेतीन वाजले तरी चूक सापडेना.

मग त्याची ओळ उघडून पाहिली. आपल्याकडच्या कितीतरी लोकांसारखं त्याच्या पासपोर्टवर आडनावच नव्हतं. स्क्रिप्ट ती रिकामी जागा गिळायची आणि पुढचं सगळं एक घर अलीकडे सरकायचं. गैरहजेरी म्हणून ती त्याचा ओव्हरटाइम उचलत होती. जास्त राबला म्हणून हा फरार!

मी पुढून मोजायचं सोडून शेवटून मोजलं. मायनस दोन, म्हणजे शेवटून दुसरं घर. त्याचं नाव यादीतून गेलं, पण एक नवं आलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. त्याचा धाकटा भाऊ, आमच्याच गोदामातला. त्यालाही आडनाव नाही आणि ओव्हरटाइम शून्य; तोच शून्य गैरहजेरी म्हणून वाचला जायचा, म्हणून आजवर झाकला गेला होता. शारजाला दुसऱ्याच कुणाकडे कामाला गेला होता.

"मॅडम, पहिल्यासारखंच राहू द्या. यादीत माझंच नाव जाऊ दे," तो म्हणाला. "त्याचं आत्ता कुठे लग्न ठरलंय."

असं करता येत नाही, मी म्हणाले, आणि बरोबर यादी पाठवली. मला स्वतःची चीड आली होती. त्याने तिथेच भावाला फोन लावला.

"मी तक्रार घेऊन आलो रे," तो म्हणाला, "म्हणून तुझं नाव निघालं."