टाकलं का, मॅडम?

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि मी तिला घेऊन नाशिकहून जव्हारकडच्या जामसरच्या पुढच्या पाड्यावर, माझ्या आश्रमशाळेत परत आले. मी तासिकेवरची शिक्षिका. तासिकेवरच्या बाईला बाळंतपणाची रजा नसते, तिची जागा घ्यायला दुसरी बाई तयार असते. नवरा नाशिकला कारखान्यात होता आणि सासूबाई त्याच्या डब्यासाठी नाशिकला. माझी आई लग्नाआधीच गेलेली. त्यामुळे शाळेमागच्या खोलीत मी आणि मुलगी, दोघीच. मी वर्गावर असताना शेजारची एक मावशी तिला सांभाळायची आणि मधल्या सुट्टीत पाजायला घेऊन यायची.

माझी मुलगी दूध टाकायची. प्यायली की टाकायची, ढेकर आली की टाकायची, हसता हसता टाकायची. माझ्या एकूण एक ब्लाउजच्या खांद्यावर पांढरट डाग आणि अंगाला आंबूस वास. मी तशी घाबरट नाही. पण विचारायला जवळ कुणी नसलं की साधी गुळणीसुद्धा मोठा आजार वाटायला लागते.

सासूबाईंचं निदान फोनवर व्हायचं. खोलीत रेंज नाही, म्हणून मी मुलीला घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जायची आणि तिथे उभी राहून माझ्या जेवणातले पदार्थ एकेक करून बंद करून घ्यायची. वांगं बंद, बटाटा बंद, मग डाळही बंद. तुझंच दूध तिला बाधतंय, असं त्यांचं म्हणणं. मी आठवडाभर भात आणि दुधी भोपळा खाल्ला. मुलीचं टाकणं तसंच. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

त्यातच अंगणवाडीत तिचं वजन झालं. तराजूच्या झोळीत ती पाय आखडून बसली आणि काटा नाशिकहून निघताना दवाखान्यात भरलेल्या वजनाच्या अलीकडेच थांबला. या डोंगरात मुलाचं वजन ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. वावरकडची पोरं कुपोषणाने गेली त्या दिवसांबद्दल मावशीच्या वयाच्या बाया अजून आवाज खाली करून बोलतात. मी घाईघाईने नवऱ्याला फोन केला. ती माझी चूक. त्याने शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सांगितलं की पंधरा दिवसांनी पुन्हा वजन कर, वाढलं नसेल तर रविवारी आईला घेऊन गाडीने येतो आणि मुलीला नाशिकला नेतो. आई डब्याच्या दुधावर वाढवेल. तू नोकरी सोडतेस का, असं त्याने विचारलं नाही. सोडते, असं मीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला खांद्यावर टाकून हातपंपावर गेले. तिथे चार बाया होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "टाकलं का, मॅडम?"

आमच्याकडे बाईला कुणी असं विचारलं, तर त्याचा एकच अर्थ होतो. नवऱ्याने टाकलं का. माझं डोकं एकदम तापलं. मी आल्यापासून नवरा एकदाच येऊन गेला, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. मी ताडकन म्हटलं, "ते दर रविवारी येतात."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मावशीही तिथेच होती. तिने पदराने माझा खांदा पुसला आणि म्हणाली, "पोरीनं दूध टाकलं का, त्या विचारतात." मग सगळ्या हसल्या. मीही हसले. कळशी तिथेच विसरून खोलीवर आले आणि दार लावून मनसोक्त रडले.

मावशी कळशी घेऊन आली तेव्हा मी मुलीला पाजत होते. मुलीने टाकलं, मी तोंड पुसलं आणि लगेच पुन्हा पदराखाली घेतलं. पोट रिकामं झालं असणार, असा माझा हिशेब. मावशी बघत राहिली. मग म्हणाली, "भरल्या मडक्यात अजून वतता मॅडम, तं सांडंल नाय तं काय? तिचं पोट केवढं, तिच्या मुठीएवढं."

मला तिचा रागच आला. पण ती बसली आणि एकेक दाखवत गेली. पाजल्यावर लगेच झोळीत घालून झोके देऊ नका. खांद्यावर उभी धरा, पाठीवरून हात फिरवा, उन्हात एक फेरी मारा. पोरीच्या पोटाला बांधलेलं फडकं सोडा. ते सासूबाईंनी बांधायला लावलेलं, तिचं पोट सुटू नये म्हणून. मावशीने स्वतःच्या हाताने गाठ सोडली. मुलीच्या कमरेवर लाल वळ उठला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

उपकेंद्रातल्या सिस्टरनेही वेगळं काही सांगितलं नाही. तिने विचारलं, उलटी लांब उडते का, हिरवी किंवा रक्ताची असते का, दिवसात लघवी किती वेळा होते. उलटी तशी दिसली किंवा लघवी कमी झाली तर थांबायचं नाही, तडक जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं. नाहीतर औषध नको. थोडं थोडं पाजायचं, झोपवायचं ते पाठीवरच, बसायला लागली की हे कमी होतं. आणि दोन काट्यांची तुलना करू नका, याच काट्यावर पुन्हा बघा.

पंधरा दिवस मी तेच केलं. पाजून झालं की तिला खांद्यावर घेऊन शाळेच्या कुंपणाला फेऱ्या मारायची. कुंपणापलीकडचं भात निसवलं होतं, नव्या लोंब्यांचा वास यायचा. तिला घटकाभर उभी धरायची म्हणजे घटकाभर माझ्याजवळ दुसरं काही काम नाही आणि बोलायलाही कुणी नाही. मी तिला पाढे म्हणून दाखवायची. टाकणं थांबलं नाही, पण कमी झालं, आणि टाकल्यावर ती हसायची. वजनाचा दिवस जवळ आला तशी माझी झोप उडाली.

काटा पुढे गेला. चांगला पुढे गेला. मावशीने तराजूतून तिला उचलून माझ्या हातात दिलं आणि मी तशीच धावत टाकीच्या चढावर गेले. नवऱ्याने फोन उचलला. मी आकडा सांगितला. तो मनापासून खूश झाला, हे मला आवाजावरून कळलं. त्याने आईला हाक मारून सांगितलं, त्यांचंही "चांगलं झालं बाई" ऐकू आलं.

मग तो म्हणाला, "म्हणजे आता रविवारी यायला नको."

मुलीला न्यायला नको, पण तू ये. एवढंच मला म्हणायचं होतं. पंधरा दिवस त्याच रविवारची मी धास्ती घेतली होती आणि, खोटं कशाला बोलू, वाटही बघितली होती.

"नको," मी म्हणाले.

तो बरं म्हणाला. मीही बरं म्हणाले.