गुळाचा खडा

मिलला टाळं लागलं, तरी बाबांच्या छातीत तीस वर्षांचा कापूस शिल्लक होता. डॉक्टर म्हणाले, दरवर्षी हिवाळ्याआधी फ्लूची लस द्या. पहिल्या वर्षी मी बाबांना स्कूटरवर बसवून ती टोचून आणली. त्या हिवाळ्यात बाबा चार दिवस शिंकले, खोकले, माझ्यावर चिडले आणि बरे झाले.

झालं! माझ्यातला विद्वान जागा झाला. राजवाड्यापाशी पोह्यांच्या ठेल्यावर मी भाषण ठोकलं, "भिया, बाजार खुला झालाय ना, आता सुयासुद्धा बाहेरून येतात. लस घेऊनही सर्दी होते, तो फिर काय कामाची?"

पोह्यांवर शेव भुरभुरत ठेलेवाला म्हणाला, "एकदम सही, भिया!" मला एवढं प्रमाणपत्र पुरलं.

पुढच्या हिवाळ्याआधी मी लसीऐवजी गूळ आणला. मिलमध्ये पाळी सुटली की सगळे गुळाचा खडा चघळायचे. घशातली धूळ उतरते म्हणे.

"यंदा सुई नाही का रे?" बाबांनी विचारलं.

"तुमचं खरं औषध हे, बाबा. खा."

ते निमूट खात राहिले.

जानेवारीत त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडले. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यंदा लस दिली होती?"

"मागच्या वर्षी दिली होती, पण तरी सर्दी..."

"सर्दी झाली ती घरी ना? शिंका नाही हो, ही खाट टळावी म्हणून असते ती. दरवेळी टळतेच असं नाही. पण अशा छातीला तेवढाच आडोसा."

खिशातला हात गुळाच्या पुडीला लागला, तो मी तिथेच ठेवला.

तेवढ्यात बाबांनी मास्क बाजूला सारला.

"बाई, त्याला बोलू नका. मीच नको म्हणालो. सुईला... भितो मी."

मिलच्या मागात बोट सापडून टाके पडले, तेव्हा हूं की चूं न केलेला माणूस!

नर्सने मास्क पुन्हा चढवला. तो काढायची वेळ आली, तेव्हा बाबा नव्हते. त्यांचं शेवटचं बोलणं एक खोटं होतं, माझ्यासाठी बोललेलं. आणि मी, ठेल्यावरचा एवढा मोठा वक्ता, ते खोडून काढायला एक शब्द बोललो नव्हतो.