पाटावरचं माप

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सहदेव मेस्त्री मापं घेतो. बाप गिरणीत झिजला, हा लेथवर. आता छप्पन्नाव्या वर्षी ज्या यंत्रापाशी उभा असतो, ते धातू कापत नाही, उगवतं. पिठासारखी टायटॅनियमची पूड, तिच्यावर लेसरचा चटका, थरावर थर. दिवसभरात जाड प्लेटीवर माणसाच्या जबड्याचं हाड तयार. प्लेटीला सहदेव पाट म्हणतो.

असा उगवलेला धातू आतून आवळलेला असतो. पाटाला धरून आहे तोवर गुमान बसतो. पाटासकट भट्टीत शेकला की आवळ सुटतो, मग कापायचा. न शेकता कापला, तर फणसाची ओली फळी उन्हात तोंड वाकडं करते, तशी गत. म्हणून सहदेव दोनदा मोजायचा, पाटावर आणि कापल्यावर. नव्या पोरांना बजावायचा, "पाटावरचो धातू खरा बोलणा नाय रे."

आणि चुकला तोच. गावच्या जत्रेत देवीवर अबदागिरीची छत्री धरायचा मान त्याच्या घराचा. तो चुकवला तर गाव पिढ्यान्‌पिढ्या बोलणार. शुक्रवारी दुपारची गाडी, आणि सकाळी यंत्रातून दोन जबडे निघाले, एक पेशंटचा, एक तपासणीसाठी जादाचा. पाटावर माप तंतोतंत. अहवालातल्या कापल्यावरच्या रकान्यातही त्याने तेच आकडे भरले, खाली सही ठोकली आणि निघाला. शेकून कापणारच आहेत, फरक तो कितीसा पडणार.

मंगळवारी सकाळी परत आला, तर भट्टी थंडगार. तिची तार शुक्रवारीच जळाली होती. मालक निलेशने मोबाईलमधून मान न काढता सांगितलं, की दुरुस्तीवाला फिरकला नाही, हॉस्पिटलला घाई होती आणि कागदावर सही होतीच. दोन्ही तसेच कापले, पेशंटचा पाठवला.

सहदेवने फळीवरचा जादाचा जबडा उचलला. पाच वेळा मोजला. दोन्ही टोकं मिळून सव्वा मिलिमीटर फाकली होती.

"शरीर घेतं तेवढं सांभाळून, काका," निलेश म्हणाला. "आणि बोलायच्या आधी सही कोणाची आहे ते बघा."

"माझीच आसा."

अहवालाला पेशंटची चिठ्ठी टाचलेली होती. जोसेफीन, वय बेचाळीस, खालचा जबडा, ऑपरेशन मंगळवार सकाळी नऊ. भिंतीवर नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सहदेवने चिठ्ठीवरचा हॉस्पिटलचा नंबर लावला. पलीकडची बाई म्हणाली, पेशंटला आत नेलंय, तुम्ही नातेवाईक का?

"मी माप घेणारा. तो जबडा बसवू नका. त्याचं माप मी न घेताच लिहिलंय."

 "धरा" म्हणून बाईने फोन टेबलावर ठेवला. तिच्या चपला फटफटत लांब गेल्या.

निलेशने उठून केबिनचं दार लावून घेतलं.

सहदेव फोन कानाला लावून उभा होता. दुसऱ्या मुठीत जादाचा जबडा, त्याची टोकं तळव्यात रुतत होती. नऊ वीस झाले. चपला परत येईनात.