उघडायची राहिलेली मूठ

टोकावड्याची शिरगणती करायची असेल, तर ती आमच्या मोठ्या दिरांच्या काचेच्या कपाटात करावी. अख्खं गाव तिथे वीतभर उंचीचं होऊन ओळीने उभं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून भाऊजी कल्याणच्या बाजारातून परदेशी लढवय्यांच्या हातपाय हलणाऱ्या बाहुल्या आणतात आणि ब्लेड, पुट्टी, रंग वापरून त्यांची आपली माणसं करतात. लढवय्यांच्या छात्या पॉलिश पेपरने कितीही घासल्या तरी थोड्या उरतातच. ढाबेवाल्याने स्वतःला पाहिलं आणि विचारलं, "दादा, माझं पोट कुठं गेलं?" भाऊजी म्हणाले, "छातीतनं खाली आणतोय. थांब जरा." माणूस करायच्या आधी ते त्याला दिवसचे दिवस न्याहाळतात. स्टँडवर एकदा कंडक्टर वैतागला होता, "काका, चढताय का नुसतं बघताय?"

या बाहुल्यांची मूठ बंदूक धरण्यासाठी वळलेली असते, म्हणून भाऊजींच्या गावात रिकामं कोणी नाही. कोणाकडे विळा, कोणाकडे छत्री, माझ्याकडे डायरी. (पानं कोरी होती, मी सांगून रेघा मारून घेतल्या.) मूठ उघडायची तर ती उकळत्या पाण्यात बुडवून, टूथपिकने एकेक बोट सोडवून, लगेच गार पाण्यात धरावी लागते. घाईत एका पुढाऱ्याचा अंगठा तुटला. ते पाहून पुढारी ओरडला तेव्हा भाऊजी शांतपणे म्हणाले, "सही येते ना तुला?"

त्यांचं सगळ्यात सुंदर काम म्हणजे आमच्या जाऊबाई, भाकरी थापणारा तळवा पूर्ण उघडलेला. गेल्या वर्षी जाऊबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात हात ठेवून बोटं हळूहळू सोडवा. मी तक्ता करून भिंतीला लावला. पण जाऊबाईंची नजर कपाटावर. "हिचा उघडा नि माझा मिटलेला. हिचा पण बंद करा."

"झालेलं काम मी उलटं नाय करीत."

"मग माझ्या हाताला पण हात लावू नका."

तीन दिवस तक्त्यावर खूण पडली नाही. चौथ्या दिवशी भाऊजींनी पाणी उकळलं आणि आपल्या हाताने बाहुलीची मूठ मिटवली. ठरलं असं, की इकडचं एक बोट सुटलं की तिकडचं एक सोडायचं, आणि दोन्हीकडचा हिशेब मी डायरीत ठेवायचा.

परवा मी शहापूरहून औषधांची यादी घेऊन टोकावड्याला गेले. जाऊबाईंची दोन बोटं सरळ होतायत. कपाटातली मात्र मला अडीच वाटली. "भाऊजी, तिसरं जरा वर दिसतंय."

ते कुजबुजले, "घाई झाली गो."

"ऐकलं मी!" आतून आवाज आला. "अवो, ते बंद करा आधी."

भाऊजींनी गॅसवर दोन भांडी ठेवली, एक उकळायला, एक कोमट करायला. कोमट पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि ते भांडं घेऊन आत गेले. थोड्या वेळाने आतून जाऊबाईंचं "हळू हो" आणि त्यांचं "हळूच करतोय" ऐकू येऊ लागलं.

दुसरं भांडं खळखळ उकळत होतं. मी गॅस बंद केला. बाहुलीचं तिसरं बोट तसंच राहू दिलं. डायरीत मात्र तिची बोटं दोनच लिहिली.