खांद्यावरची अर्धी मासोळी

बाभुळगावजवळच्या तांड्यावर राहणाऱ्या उज्ज्वला राठोडच्या डाव्या हातावर तीन बैठकांत अर्धी मासोळी रंगली होती, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायी तिची सोयरीक अडली होती.

साल बोंडअळीचं होतं. बोंड फोडावं तर आत कापसाऐवजी गुलाबी अळी. दोन वेच्यांतच वावर संपलं आणि अख्खा तांडा हातपाय गाळून बसला. उज्ज्वला मात्र एसटीनं यवतमाळला गेली. मोबाइलच्या दुकानावरच्या माडीत अश्वजित टॅटू काढायचा. तिनं त्याच्यापुढं फोन धरला. जपानी पद्धतीचं चित्र होतं : धबधब्यातून उलटी वर चढणारी लाल मासोळी, भोवती काळ्या लाटा, खांद्यापासून कोपरापर्यंत.

"एका दिवसाचं काम नाही, ताई," अश्वजित म्हणाला. "पाच बैठका. आधी रेघा, मंग काळी छाया, मंग रंग. दर वेळी तीन आठवडे कातडी भरू द्या लागते."

"भरू दे. यंदा वेचाले काय उरलं?"

तिची याडी, म्हणजे आई, रुक्माबाई. तिच्या दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. "आम्ही ठिपके गोंदले, चांदण्या गोंदल्या. मच्छी कोणी गोंदते काय?" असं ती पहिल्या दिवसापासून कुरकुरत होती. पण तिसऱ्या बैठकीनंतर सुजलेला खांदा पाहून तिला राहवलं नाही. गोंदणाला लावतात तशी तिनं तेलात कालवलेली हळद चोळली. खपली अवेळी निघाली आणि दोन खवल्यांचा रंग घेऊन गेली.

अशात शेजारच्या तांड्यावरचे उत्तमसिंग मुलासाठी उज्ज्वलाला पाहायला आले. बाहीखालून लाटा दिसल्या.

"पोरीच्या हातावर मच्छीबाजार काहून भरवला?"

"बाजार नाही, काका. एकच हाय," उज्ज्वला म्हणाली. "तेही अजून अर्धीच."

"मंग तिथंच थांब. झालं तेवढं पदराखाली झाकता येईल. तसा शब्द दे, आताच गूळ खाऊन सोयरीक पक्की करू."

"झाकाचंच असतं तर काढलं कायले असतं?"

गूळ ताटातच राहिला. सोमवारपर्यंत विचार करा, असं सांगून पाहुणे उठले. सोमवारीच चौथी बैठक होती.

रुक्माबाई मुद्दाम सोबत निघाली. एसटीत तिनं लेकीचं मनगट धरलं ते माडी चढल्यावरही सोडलं नाही.

"मशीन बंद ठेव, बाबू," ती अश्वजितला म्हणाली. "हे इथंच संपलं."

"ठीक, मावशी."

उज्ज्वलानं बाही वर केली. ट्यूबलाइटखाली डोकं लाल, पाठीचे थोडे खवले लाल, खाली शेपटापर्यंत नुसत्या रेघा.

"आता नाही भरलं, तर हे असंच राहते?" रुक्माबाईनं विचारलं.

"जन्मभर."

रुक्माबाई स्वतःच्या मनगटावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्यावर बांगड्या, गळ्यातली हसली, सारं काढून घेतात. गोंदण तेवढं सोबत येते. माही पोरगी वर अर्धी मच्छी घेऊन जाईल काय?"

"याडी, पण उत्तमसिंग काका?"

"त्यायले सांगतो मी, बिनगोंदलेली पोरगी पाहा म्हणून." ती अश्वजितकडे वळली. "पयले ते दोन खवले भर. माह्याच हातानं गेले ते."

मशीन घुंघुं करू लागलं. उज्ज्वलानं दात आवळले.

"याडी, आता तरी मनगट सोड."

"नाही सोडत," रुक्माबाई म्हणाली. "दुखते ना?"