काळ्या बाहुलीचं काम

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचा नाच बसवण्याचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते हौसेनं पाडून घेतलं. माझी लेक दहा वर्षांची. चारचौघांत तोंड उघडत नाही, पण गाणं लागलं की तिच्या अंगात वारं भरतं. तिला एकदा स्टेजवर नाचताना पाहायचं, एवढाच माझा स्वार्थ.

विषयही मीच सुचवला. लहानपणी पुण्यात शेजाऱ्यांच्या व्हिडिओवर आम्ही एक जुनं कार्टून पाहायचो. दुकान बंद झालं की फळीवरची खेळणी खाली उतरतात आणि बँडच्या तालावर नाचतात. त्यात एक काळी बाहुली होती. जाड ओठ, गरगर फिरणारे डोळे, हातात पांढरे मोजे, सारखी धडपडायची. आम्ही हसून लोळायचो.

पहिली तालीम सेंगकांगला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत झाली. मी कामं वाटली आणि सगळ्या आयांसमोर लेकीला म्हणाले, "बाहुली तूच. तुला मेकअपसुद्धा करायला नको." आया हसल्या, मीही हसले.

घरी तिनं ते कार्टून टॅबवर तीनदा पाहिलं. मग शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, व्हाय एव्हरीवन लाफ ॲट हर ओन्ली?"

"अगं, गंमत असते ती."

"नॉट फनी, लाह. आय डोन्ट वॉन्ट टू डान्स."

माझा पारा चढला. एवढ्याशा गोष्टीचा किती तो बाऊ! दुसऱ्या दिवशी हार्बरफ्रंटला ऑफिसला जाताना, केवळ तिला खोटं पाडायला म्हणून, एमआरटीच्या मेट्रोत मी अशा कार्टूनांची माहिती शोधली. ती मुळात निघाली गाणी खपवायला. स्टुडिओंकडे गाण्यांचे हक्क असत. गाणं लोकांच्या तोंडी बसावं म्हणून त्यावर चित्रं नाचवायची. आणि लोकांना हसवायला त्यांनी काय उचललं, तर अमेरिकेत रंगभूमीवर गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टवाळी करत, ती. ओठ, डोळे, पांढरे मोजे, सगळं तिथलंच. मी फोन पर्समध्ये टाकला. मला लाज वाटली, आणि कार्टून काढणाऱ्यांपेक्षा स्वतःची जास्त वाटली. त्यांनी ती बाहुली परक्यांना हसायला काढली होती. मी ते काम पोटच्या पोरीला दिलं, तिचा रंग बघून.

पुढच्या तालमीला मी तिला हट्टानं खाली घेऊन गेले. ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोरच म्हणाले, "माझं चुकलं. मी तिला तसं बोलायला नको होतं." एक आई म्हणाली, "अहो, मुलं विसरतात." मी तिथल्या तिथं कार्टून रद्द केलं आणि हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या भांड्यांचा नाच बसवायला घेतला. कढया, डाव, झारे असं काय काय. लेक दोन दिवस नुसतीच बाकावर बसून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि किटली झाली, आणि काय नाचली! मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले एकदाची.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे आठ पोरांचे चेहरे रंगवायचे होते. घाई होती. गजर, आरत्या, माइकची खरखर, आणि कुणाचा तरी डाव हरवलेला. शेवटी लेकीचा नंबर आला. मी स्पंज फाउंडेशनच्या डबीत बुडवून तिच्या गालावर एक हात फिरवला, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"आई, धिस वन नॉट माय कलर."

मी डबीकडे पाहिलं. तिच्यापेक्षा दोन शेड उजळ. बालवाडीच्या पहिल्या गॅदरिंगपासून तिच्यासाठी मी हीच शेड आणत आले होते, आणि दुकानात दुसऱ्या डबीकडे कधी बघितलंही नव्हतं. तिनं माझ्याच पदरानं गाल पुसला आणि स्टेजकडे गेली.